चार किलोबाइटचा संसार

रात्री अडीचला मामांचा फोन आला. "पोरी, मोटरचा आवाज बदललाय. पाणी पार कमी झालंय. तुझ्या डब्याचा मेसेज आलाय इंग्रजीत, पर मोटर काय बंद झाली न्हाई." ते बोलत असतानाच मागून खट्ट असा आवाज आला. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडला होता. मोटर वाचली, पण ती माझ्या बोर्डाने वाचवली नव्हती. ज्या एका कामासाठी तो बोर्ड बसवला होता, नेमकं तेच त्याने केलं नव्हतं.

ही २०२१ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मामांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी होऊन बागेला पाणी चालू होतं आणि त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी होती. आमच्या छोट्या युनिटमध्ये मी मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, लिहीत होते आणि चाचणीचा पहिला बोर्ड मामांच्या विहिरीवर लावला होता. तीन फेजचं व्होल्टेज आणि मोटरचा करंट मोजायचा, विहीर कोरडी पडली किंवा एखादी फेज गेली तर मोटर बंद करायची, मोबाईलवरून मेसेज आला की मोटर चालू-बंद करायची, काय झालं ते कळवायचं, इतकंच त्याचं काम. जुन्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आम्ही मुद्दाम तसाच ठेवला होता. तो ठेवला हे किती बरं केलं, ते त्या रात्री कळलं.

बोर्डावरची चिप म्हणजे एसटीएम३२एफ०३०एफ४. वीस पायांची, कॉर्टेक्स-एम० गाभ्याची, ४८ मेगाहर्ट्झची. प्रोग्राम ठेवायची फ्लॅश १६ किलोबाइट आणि चालताना लागणारी रॅम ४ किलोबाइट, म्हणजे ४०९६ बाइट. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, तेव्हा तुम्ही आत्तापर्यंत जे वाचलंत तेवढ्यानेच ती रॅम बहुतेक भरून जाईल. मोठी चिप का घेतली नाही? त्या वर्षी जगभर चिपांचा दुष्काळ होता. मोठ्या मेमरीच्या चिपा मिळत नव्हत्या, मिळाल्या तर अनेकपट भावाने. या चिपा आमच्याकडे आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या आणि बोर्डही त्यांच्याच मापाने छापून आले होते.

एवढ्याशा चिपवर ऑपरेटिंग सिस्टम कशाला, असं मला आमच्याकडच्या ज्येष्ठांनीही विचारलं. एकच मोठं लूप, म्हणजे तीच कामं ओळीने पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्राम, लिहून भागलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी आधी तसंच लिहिलं होतं. अडचण मोडेमची, म्हणजे मोबाईलचे मेसेज घेणाऱ्या-पाठवणाऱ्या भागाची होती. मेसेज पाठवायला सांगितला की मोडेम कित्येक सेकंद काही बोलत नाही, मग "ओके" म्हणतो किंवा एरर देतो. तेवढ्यात फेज गेली तर? मग त्या वाट पाहण्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक अवस्था द्यायची आणि मधूनमधून फेज तपासायची. दोन महिन्यांनी माझं लूप असं झालं होतं की डिस्प्लेवरची एक ओळ बदलली तरी मोडेम बिघडायचा. रिअल टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर. फेज गेल्यावर ठरलेल्या वेळात मोटर बंद झालीच पाहिजे, मग मोडेम काहीही करत असो. ही हमी मला लूपमध्ये देता येईना. म्हणून फ्रीआरटीओएस घेतलं, छोट्या चिपांवर चालणारी रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टम. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेलं, २०१७ पासून अ‍ॅमेझॉनकडे असलेलं, मोफत आणि खुलं. मुळात गाभा म्हणजे सी भाषेतल्या मोजून तीन-चार फायली. वाचून समजतात, याचं मला फार मोल वाटतं.

पहिल्या दिवशी लिंकरने, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडून त्यांना मेमरीत जागा देणाऱ्या साधनाने, सांगितलं की रॅम ओसंडून वाहतेय. मी सहा टास्क, म्हणजे आलटून पालटून चालणारे स्वतंत्र तुकडे, केले होते: मोजणी, मोटर, मोडेम, डिस्प्ले, बटणं आणि देखरेख. सातवा सिस्टमचा स्वतःचा आयडल टास्क, बाकी कुणाला काम नसताना चालणारा. प्रत्येकाला स्टॅक, म्हणजे काम करताना लागणारी तात्पुरती जागा, १२८ दिला होता. सात गुणिले १२८ म्हणजे ८९६ बाइट, असा माझा हिशोब. तो मुळातच चुकला होता. फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅकचं माप बाइटमध्ये नसतं, वर्डमध्ये असतं. मी शिकले आर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावर, म्हणजे आठ बिटांच्या एव्हीआर चिपवर. तिथे स्टॅकचा एक घटक एकाच बाइटचा, त्यामुळे दोन्ही मापं सारखीच. इथे वर्ड चार बाइटचा. माझे सात स्टॅक ३५८४ बाइट खात होते.

आणखी एक खड्डा लिंकर स्क्रिप्टमध्ये होता. ती आयती मिळालेली फाइल मी कधी उघडून पाहिली नव्हती. त्यात मुख्य स्टॅकसाठी १०२४ आणि सीच्या हीपसाठी (प्रोग्राम चालता चालता मागून घेतो ती मेमरी) ५१२ बाइट राखून ठेवले होते. ४०९६ मधले १५३६ बाइट मी काही लिहायच्या आधीच गेलेले! हीप मी वापरतच नव्हते, ती शून्य केली. शेड्युलर, म्हणजे टास्कना पाळी देणारा भाग, सुरू झाल्यावर मुख्य स्टॅक फक्त इंटरप्टसाठी, म्हणजे हार्डवेअरच्या तातडीच्या हाकांसाठी लागतो, तो २५६ वर आणला.

कॉर्टेक्स-एम इथे मदतीला येतो हे सांगायला हवं. एव्हीआरवर इंटरप्ट आला की जो टास्क चालू असेल त्याच्याच स्टॅकवर तो चढतो. म्हणजे सर्वात खोल जाणाऱ्या इंटरप्टची जागा प्रत्येक टास्कला वेगळी द्यावी लागते. पाच टास्क असतील तर पाच वेळा. उनोच्या २ किलोबाइटमध्ये हा भुर्दंड जीवघेणा असतो. कॉर्टेक्स-एममध्ये स्टॅक पॉइंटर दोन आहेत, टास्कचा वेगळा आणि इंटरप्टचा वेगळा. टास्कच्या स्टॅकवर फक्त त्याचे स्वतःचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले कप्पे) ठेवले जातात: आठ हार्डवेअर ठेवतं, आठ सॉफ्टवेअर, मिळून ६४ बाइट. इंटरप्टच्या आतलं बाकी सगळं त्या एकाच २५६ मध्ये.

मग एकेक बाइट वेचायला लागले. बटणांचा टास्क डिस्प्लेच्या टास्कमध्ये मिसळला, देखरेखीचा मोटरमध्ये. टास्क एकमेकांना निरोप द्यायला मी क्यू, म्हणजे निरोपांच्या रांगा, वापरल्या होत्या. एकेका क्यूचा सांगाडाच ८० बाइटच्या आसपास, आतला माल वेगळा. त्या सगळ्या काढल्या आणि टास्क नोटिफिकेशन घेतली. प्रत्येक टास्कच्या नोंदवहीत ३२ बिटांचा एक कप्पा आधीपासूनच असतो. "फेज गेली" हे एक बिट, "कोरडी चालतेय" हे दुसरं, "बटण दाबलं" हे तिसरं. माझ्या निरोपांना याहून जास्त काही लागतच नव्हतं. प्रायॉरिटीच्या, म्हणजे कुणी आधी चालायचं याच्या, पातळ्या पाचवर आणल्या, कारण प्रत्येक पातळीची यादी २० बाइट घेते, तिथे कुणी असो वा नसो. सॉफ्टवेअर टायमर बंद केले, त्यांचा आणखी एक टास्क वाचला. सगळं स्टॅटिक केलं, म्हणजे कुणाची जागा कुठे आणि किती हे मॅप फाइलमध्ये कागदावर दिसतं. रात्री चालता चालता मेमरी संपली असं होऊच शकत नाही.

मोजणीचा भाग मला अजूनही आवडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. आवर्तनात १६ नमुने, चार चॅनेल, नमुन्याला दोन बाइट, म्हणजे १२८ बाइट. टायमर एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) हलवतो, डीएमए (परस्पर डेटा वाहणारा भाग) नमुने मेमरीत टाकतो, प्रोसेसर यात कुठेच नाही. आवर्तन पूर्ण झालं की टास्क जागा होतो आणि वर्गांची बेरीज करतो. वर्गमूळ काढतच नाही, मर्यादेचाच वर्ग आधी करून ठेवला आहे. या गाभ्यात भागाकाराचं हार्डवेअर नाही, त्यामुळे भागाकार टाळला की वेळही वाचतो आणि फ्लॅशही.

अशा तऱ्हेने सगळं बसलं. स्टॅक ओसंडला तर कळावं म्हणून फ्रीआरटीओएसची दुसऱ्या पातळीची तपासणी चालू ठेवली होती. टास्क तयार होताना त्याचा अख्खा स्टॅक ए५ या हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतल्या) आकड्याने भरला जातो. टास्क बदलताना सिस्टम तळाचे १६ बाइट पाहते, ते ए५ नसतील तर ओरडते. शिवाय कुठल्याही क्षणी विचारता येतं की आजवर कधीच न शिवलेली जागा किती उरली. मोडेमच्या टास्कचं उत्तर होतं नऊ वर्ड, म्हणजे ३६ बाइट. कमी होती, पण होती. त्या भरवशावर बोर्ड तासगावला गेला.

फोनच्या दुसऱ्या दिवशी मामांनी बोर्ड एसटीने पाठवला. टेबलावर तो व्यवस्थित चालला. तिन्ही फेजना वेगवेगळे एमसीबी (छोटे सर्किट ब्रेकर) लावून मी बी फेज चाळीस वेळा पाडली. चाळीसही वेळा पाच सेकंदांनी रिले सुटला. पाच सेकंद यासाठी की फेज क्षणभर मिचकावली तर मोटर उगाच बंद पडू नये. मेसेज मात्र फेज जाताच निघतो. दोन दिवस असेच गेले. वॉचडॉगनेही, म्हणजे प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या घड्याळानेही, काही केलं नव्हतं, कारण अडकलं काहीच नव्हतं. सगळे टास्क चालू होते, डिस्प्ले चालू होता.

शेवटी मामांनाच विचारलं, त्या रात्री अगदी आधी काय केलं होतंत? ते म्हणाले, "काय न्हाई. पडल्या पडल्या मोटर चालूय का म्हणून मेसेज टाकला हुता." मी टेबलावर तेच केलं. स्थिती विचारणारा मेसेज टाकला, बोर्ड उत्तर पाठवत असतानाच बी फेज पाडली. पाच सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं. रिले तसाच.

डीबगर (चालू चिपच्या आत डोकावायचं साधन) लावून मोटर टास्कची चलं पाहिली. "किती मिलिसेकंद थांबायचं" या चलात ५००० हवं होतं. तिथे होतं १२७९८६९२५४. म्हणजे जवळपास पंधरा दिवस. बोर्ड इमानेइतबारे वाट पाहत होता, पंधरा दिवसांनी त्याने मोटर बंद केलीच असती. तो आकडा हेक्समध्ये, मेमरीतल्या क्रमाने पाहिला: ४६ ४१ ४९ ४सी. या आकड्यांची मला सवय आहे, ही रोमन अक्षरं असतात. एफ, ए, आय, एल. मामांना आलेल्या "बी फेज फेल" या मेसेजमधला "फेल" हा शब्दच वेळेच्या कप्प्यात जाऊन बसला होता.

या चिपमध्ये दोन वॉचपॉइंट मिळतात, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या जागेला हात लागताच प्रोग्राम थांबवणारे पहारे. एक त्या चलाच्या पत्त्यावर लावला आणि पुन्हा तोच खेळ केला. प्रोग्राम थांबला तो एसएनप्रिंटएफ या मजकूर रचणाऱ्या तयार फंक्शनच्या पोटात. मग चित्र स्पष्ट झालं. आलेला मेसेज वाचणाऱ्या फंक्शनमध्ये १६० बाइटचा स्थानिक बफर, म्हणजे मजकुरासाठी स्टॅकवरच घेतलेली जागा, होता. तिथूनच, तो बफर जिवंत असताना, "अजून काही कळवायचं राहिलंय का" असं पाहून मी मेसेज रचणारं फंक्शन बोलावत होते. त्यात दुसरा १६० बाइटचा बफर. मोडेमचा स्टॅक होता ३८४ बाइटचा. एरवी फेजचा मेसेज बाहेरच्या लूपमधून रचला जायचा, तेव्हा एकच बफर असायचा आणि सगळं मावायचं. दोन्ही गोष्टी काही सेकंदांच्या आत घडल्या तरच दोन बफर एकावर एक चढायचे.

आणि तपासणीने हे का पकडलं नाही, ते मला कागदावर चित्र काढल्यावरच समजलं. स्टॅक खाली वाढतो, पण बफरमधलं लिखाण खालून वर जातं. दुसऱ्या बफरची सुरुवात स्टॅकच्या तळाच्या २० बाइट बाहेर गेली होती. "बी फेज फेल" रोमनमध्ये फक्त १२ अक्षरं. ती बाहेरच्या बाहेर लिहिली गेली. तळाचे १६ बाइट, ज्यांच्यावर सिस्टमची नजर होती, ते बफरच्या न वापरलेल्या भागात पडले. तिथे ए५ जसेच्या तसे. नऊ वर्ड शिल्लक दिसत होते तेही तिथलेच. चोर दाराच्या पलीकडे उडी मारून गेला होता आणि मी कुलूप शाबूत आहे म्हणून निर्धास्त होते. एसएनप्रिंटएफ स्वतः याच्याही खाली उतरत होतं, पण तिथे डिस्प्लेचा बफर होता. तो दर सेकंदाला नव्याने भरला जातो, म्हणून ते नुकसान कधी दिसलंच नाही. मेसेज लांब असता तर ए५ पुसले गेले असते आणि पहिल्याच दिवशी चूक सापडली असती.

स्टॅक वाढवून प्रश्न मिटला असता, निदान तेवढ्यापुरता. पण जागा आणायची कुठून? म्हणून मोठे स्थानिक बफर पूर्णपणे बंद केले. कंपायलर प्रत्येक फंक्शन किती स्टॅक खातं ते लिहून देतो, फक्त पर्याय चालू करावा लागतो. आता कुठलंही फंक्शन ६४ बाइटच्या पुढे गेलं की बिल्डच मोडतो. एसएनप्रिंटएफ काढून टाकलं. मला फक्त तीन-चार अंकी आकडे छापायचे होते, त्यासाठी वीस ओळी पुरल्या आणि फ्लॅशमध्ये जवळपास अडीच किलोबाइट मोकळे झाले.

या गाभ्यात मेमरीवर पहारा ठेवणारं एमपीयू नाही. त्याऐवजी एक साधी युक्ती केली: सर्वात खोल जाणारा मोडेमचा स्टॅक लिंकरला सांगून रॅमच्या अगदी सुरुवातीला ठेवला. आता तो ओसंडला तर खाली मेमरीच नाही. पहिल्याच बाहेरच्या बाइटला हार्डफॉल्ट येतो, बोर्ड रीसेट होतो आणि रिले सुटलेल्या स्थितीत जागा होतो. गुपचूप चुकण्यापेक्षा हे शतपटीने बरं. मोटरच्या जिवाशी संबंधित प्रत्येक आकडा दोनदा ठेवला, एकदा सरळ आणि एकदा सगळी बिटं उलटवून. वापरण्याआधी दोन्ही जुळतात का पाहायचं, नाही जुळले तर फ्लॅशमधून पुन्हा वाचायचं. वॉचडॉगही बदलला. आधी मी त्याला आयडल टास्कमधून थोपटत होते, म्हणजे सगळं ठीक आहे असं कळवत होते. ते फारसं उपयोगाचं नव्हतं, कारण इतर सगळे झोपले तरी आयडल चालूच राहतो. आता मोजणी, मोडेम आणि डिस्प्ले आपापलं बिट लावतात. मोटर टास्क तिन्ही बिटं पाहतो, आपले आकडे तपासतो आणि मगच थोपटतो.

शेवटचा हिशोब असा झाला: पाच स्टॅक मिळून १४४० बाइट, त्यात मोडेमचे ५१२. टास्कच्या नोंदी साधारण ४२०, इंटरप्टचा स्टॅक २५६, मोडेमकडून येणाऱ्या अक्षरांचा रिंग बफर २५६, मोजणीचे १२८. बाकीची चलं, याद्या आणि आलेल्या मेसेजची एकच सामायिक जागा धरूनही साडेआठशेच्या आसपास बाइट हातात राहिले.

मग मामांच्या "इंग्रजीत मेसेज आलाय" या वाक्याकडे वळले. ते फोनवर सहज बोलून गेले होते, पण मला टोचलं होतं. अडीच वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला रोमन अक्षरं का लावायला द्यायची? पूर्वी मी हे अशक्य म्हणून सोडून दिलं होतं. मराठी मेसेज यूसीएस-२ या संकेतपद्धतीत जातो, एका मेसेजात ७० चिन्हं, आणि मोडेमला प्रत्येक चिन्ह चार हेक्स अंकांनी सांगावं लागतं, म्हणजे २८० अंक. एवढा बफर कुठून आणू? पण आता बफर लागतच नव्हता. वाक्यं फ्लॅशमध्ये होती आणि मोडेम टास्क एकेक अक्षर वाचून थेट यूएआरटीवर, म्हणजे मोडेमकडे जाणाऱ्या तारेवर, सोडत होता.

साठवणही स्वस्तात झाली. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ, बरोबर १२८ जागा. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ०९ च असतो, मग तो साठवायचा कशाला? दुसऱ्या बाइटचं सर्वात वरचं बिट रिकामं राहतं, ते लावलं तर अक्षर देवनागरी, नसेल तर साधं आस्की, म्हणजे रोमन अक्षर किंवा अंक. एका चिन्हाला एक बाइट. पाठवताना बिट पाहून पुढे ०९ किंवा ०० जोडायचं. एसएनप्रिंटएफच्या रिकाम्या झालेल्या जागेत सगळी मराठी वाक्यं बसली आणि तरी बरीच जागा उरली.

डिसेंबरच्या सुरुवातीला बोर्ड परत विहिरीवर गेला. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी मामांचा फोन आला. रात्री तीनला बी फेज गेली होती.

"मेसेज आला का?" मी विचारलं.

"आला की. 'बी फेज गेली. मोटर बंद केली.' वाचला आन् कूस बदलली."

"विहिरीवर गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? मराठीत लिवलं हुतं न्हवं."